आधी वजन, मग पळणं

आबा बनसोडे खोटं बोलत नाहीत असं कुणी म्हणालं असतं, तर त्यांची बायको मनुबाईच पहिली हसली असती. सांगलीच्या मार्केट यार्डात बावीस वर्षं हळदीची पोती वाहिलेला माणूस. मुकादमाला कधी 'पाठ धरलीय' म्हणून सांगायचं, कधी कंडक्टरला 'पुढच्याच स्टॉपला उतरतो' म्हणून सांगायचं, एवढं तर पोटासाठी लागतंच. असली खोटी संध्याकाळपर्यंत विरून जातात. पण एक खोटं आबांच्या तोंडून निघालं आणि पाच वर्षं घरातच राहिलं. त्याला कुणी खोटं म्हटलं नाही. उलट सगळ्यांनी ती आबांची अक्कल समजली आणि तिला मान दिला. पंचाईत झाली ती तिथंच.

गोष्ट सुरू झाली त्र्याण्णव साली, पलूसला. आबांचा गुडघा तोवर कामातून गेला होता आणि ते यार्ड सोडून घरी आले होते. त्यांची एकुलती एक पोरगी आम्रपाली, घरची आमू, बारावी झाली होती आणि द्राक्षं पॅक करायच्या शेडवर रोजानं जात होती. पोलिसात बायकांची भरती निघाल्याचं तिनं पेपरात वाचलं आणि कुणाला न विचारता फॉर्म आणला. मनुबाईला वाटलं हे दोन दिवसांचं खूळ आहे. तिच्या बहिणीनं, बनाबाईनं, साताऱ्याचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलगा एस.टी.च्या वर्कशॉपात कामाला, निर्व्यसनी, नाव ठेवायला जागा नाही. शेवटी घरात असं ठरलं की आमूनं एकदा नशीब बघायचं. झाली भरती तर झाली, नाही तर मुकाट्यानं हळद लावून घ्यायची.

"एकदाच," मनुबाई म्हणाली. "परत पुन्यांदा म्हनून गळा काढायचा न्हाई."

"एकदा बास हाय," आमू म्हणाली.

परीक्षा होती तीन गोष्टींची. आठशे मीटर पळणं, गोळाफेक आणि लांब उडी. पळण्याला मार्क सगळ्यात जास्त. फॉर्मबरोबरच्या कागदावर ते स्वच्छ छापलं होतं आणि आबांनी तो कागद आमूकडून दोनदा वाचून घेतला होता. म्हणजे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय त्यांनी स्वतःला ठेवली नव्हती.

तयारीला चार महिने होते, पण दिवसाचा वेळ म्हणाल तर अर्धा तास. वस्तीच्या नळाला पाणी पाचला यायचं आणि सहाला जायचं. ते भरून झालं की साडेसहाला भाकरी थापायला बसायचं, कारण शेडचा टेंपो साडेसातला चौकात यायचा. संध्याकाळी परत येईपर्यंत हाताची बोटं द्राक्षाच्या चिकानं चिकटलेली आणि पाय उभं राहून सुजलेले. तेव्हा सहा ते साडेसहा, एवढाच काय तो तिचा वेळ. त्या अर्ध्या तासात काय करायचं हाच सगळा प्रश्न होता.

आमूनं तो आपल्या अकलेनं सोडवला. भावकीतल्या पोराचे कॅनव्हासचे बूट मागून आणले, ओढणी कमरेला बांधली आणि पळायला लागली. वस्तीतून निघायचं, चौकातून नाथाजीच्या हॉटेलावरून सरळ कालव्याच्या पुलापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा तोंड टोमॅटोगत लाल झालं होतं आणि हसू आवरत नव्हतं. "आबा, पुलावर काय गार वारं लागतंय ओ," एवढंच तिला बोलता आलं. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी आबा दळण घेऊन चौकातून येत होते. नाथाजीनं हॉटेलातून हाक मारली.

"आबा, तुजी पोर पळतीया बग रोज. साऱ्या चौकानं बगितली की रं!"

बास. एवढंच तो म्हणाला. नाथाजीच्या हातात चहाची किटली होती, बाकावर चारपाच जण बसले होते, आणि त्यातलं कुणीतरी हसलं. ते कशावर हसलं ते आबांनी विचारलं नाही. त्यांच्या कानात 'साऱ्या चौकानं बगितली' एवढंच घुमत राहिलं. नाथाजीच्या बापाच्या काळात याच हॉटेलाबाहेर वस्तीतल्या माणसांच्या कपबश्या वेगळ्या टांगलेल्या असायच्या. पिऊन झालं की आपली आपण विसळून परत टांगायची. आबांनी लहानपणी तसल्या कपातून चहा प्यायला होता. पुढं ती चाल मोडली, नाथाजीनं सगळ्यांना एकाच ट्रेत चहा दिला, पण बाकावर बसताना आबांचा हात अजूनही आधी बाकाच्या कडेला जायचा. अशा चौकातून आपली वयात आलेली पोर ओढणी खोचून पळते, आणि सारा चौक बघतो. दळणाचा डबा त्यांना एकदम जड झाला.

आता हे सरळ पोरीला सांगावं, तर तेही जमेना. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. दर चौदा एप्रिलला आबा वस्तीसमोर उभं राहून पोरी शिकल्या पाहिजेत म्हणून घसा कोरडा करायचे. त्यांनी 'लोक काय म्हणतील' म्हणायचं? ते शब्द त्यांच्या तोंडाला शोभले नसते, आणि आमूनं त्यांना तिथल्या तिथं गप्प केलं असतं. म्हणून आबांनी दुसरी वाट काढली. शहाण्या माणसाला पळवाट काढायला वेळ लागत नाही.

त्यांनी तुपाचे दोन रिकामे डबे आणले, त्यात वाळू-सिमेंट भरलं आणि पहारीची दोन टोकं त्यात रोवून आठ दिवस वाळत ठेवली. घरामागं न्हाणीचा कुडाचा आडोसा होता, तिथं ते वजन नेऊन ठेवलं आणि आमूला बोलावलं.

"पळायचं बंद कर. आधी वजन."

"आवं, पन मार्क पळन्याला हायती."

"तुला कळतंय का मला? बावीस वरसं पोती उचललीत मी. अंगात ताकद आली की पळनं आपसूक येतंय. बैलाला कुनी पळाय शिकवतंय व्हय? अर्ध्या तासात दोनी हुनार न्हाई. दोनी दगडावर पाय ठेवशील तर मधीच पडशील."

आबांनी हे इतक्या ठामपणे सांगितलं की क्षणभर त्यांना स्वतःलाही ते पटलं. पण मनाच्या तळाशी त्यांना आप्पासो आठवत होता. आप्पासो म्हणजे यार्डातला सगळ्यात ताकदवान हमाल. क्विंटलचं पोतं पाठीवर टाकून फळी चढायचा, आणि संध्याकाळी सुटलेली एस.टी. धरायला वीस पावलं पळाला की रस्त्याकडेला वाकून धापा टाकायचा. सगळे हमाल त्याला हसायचे, आबाही हसायचे. वजन उचलणारा पळू शकतोच असं नाही, हे आबांइतकं पलूसमध्ये दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

आमूला मात्र बापाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तिनं बूट परत केले आणि पहारीला हात घातला.

आणि खरं सांगायचं तर, ते चार महिने आबांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. नळ गेला की बाप-लेक आडोशाला. आबा तिला सगळं शिकवत होते. पाठ वाकवायची नाही, मांड्यांवर जोर घ्यायचा, उचलताना दम धरायचा, खाली ठेवताना सोडायचा. बावीस वर्षांत या विद्येला कुणी विद्या म्हटलं नव्हतं. आता पोरगी एकेक शब्द झेलत होती. पहिल्यांदा पहार गुडघ्यापर्यंत यायला आठवडा लागला, मग छातीपर्यंत आली, आणि तिसऱ्या महिन्यात डोक्यावर गेली तेव्हा मनुबाई भाकरी तव्यावर टाकून बघायला आली आणि भाकरी करपली. गोळ्याच्या वजनाचा दगड आमू कुडापलीकडच्या पडक्या रानात असा फेकायची की आबांना तो आणून द्यायला लंगडत लांब जावं लागायचं. ते हौसेनं जायचे.

मधूनमधून ती विचारायची, "आबा, आता पळू का?"

"दम धर," आबा म्हणायचे.

भरतीला एक महिना उरला तेव्हा विचारलं. पंधरा दिवस उरले तेव्हा विचारलं. "दम धर पोरी, अजून खांदा भरू दे." शेवटी तिनं विचारायचं सोडून दिलं.

सांगलीला मैदानावर आबा तिच्याबरोबर गेले. बाहेर तारेच्या कुंपणाला धरून उभे राहिले. गोळाफेकीला आमूचा गोळा सगळ्यात लांब पडला. मार्क लिहिणारे साहेबसुद्धा खुर्चीवरून उठून बघायला आले. आबांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "माजी हाय." उडीही बरी झाली. मग पळायचं आलं. मैदानाला दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत आमू मधोमध होती. दुसऱ्या फेरीच्या अर्ध्यात तिचा हात बरगडीवर गेला, तोंड उघडं पडलं, आणि एकेक काटकुळी पोरगी तिच्या बाजूनं पुढं जायला लागली. त्यातल्या एकीला तर पहार जमिनीवरून हलवता आली नसती. आबांनी तार इतकी घट्ट धरली होती की तळहातावर वळ उठले. ओरडून तिला काही सांगावं असं वाटलं, पण सांगणार काय? दम धर?

यादी लागली. आमूचं नाव दोन मार्कांनी राहिलं. मग आमूच आबांजवळ येऊन बसली. बापाच्या तोंडाकडं तिला बघवेना.

"तुमी जिवाला लावून घिऊ नका, आबा. तुमी लय केलं माज्यासाटी. माजाच दम कमी पडला. अजून वजन उचलाय पायजे हुतं."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. आबांच्या जिभेवर ते आलंही होतं. पण पोरगी रडत नव्हती, उलट त्यांनाच समजावत होती, आणि अशा वेळी तोंड उघडायला जी हिंमत लागते ती पोती उचलून येत नाही. ते गप्प बसले. मे महिन्यात आमूचं लग्न झालं आणि ती साताऱ्याला गेली. नाथाजीच्या हॉटेलात मात्र आबा त्या दळणाच्या दिवसापासून कधी चढले नाहीत. नाथाजीनं दोनचारदा हाक मारली, मग तोही मारेनासा झाला. चार वर्षांनी तो वारला. आबा मातीला गेले, लांब उभे राहिले आणि परत आले.

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत आबा साताऱ्याला लेकीकडं गेले. गुडघा एका डॉक्टरला दाखवायचा होता. जावई महेंद्र खरंच चांगला माणूस होता. सासऱ्याला पाटावर बसवून स्वतः खाली बसणारा. आमूला एक मुलगी होती, घर दोन खोल्यांचं होतं, समोर अंगण होतं. तिला काही कमी नव्हतं. पोलिसांची गाडी रस्त्यानं गेली की ती हातातलं काम थांबवून बघायची, एवढंच आबांच्या नजरेला खुपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात उन्हाला बसले होते. फाटक वाजलं आणि शेजारची श्रद्धा आत आली. बारावी झालेली, लांबसडक हातापायांची पोरगी. आठला तिला एस.टी.डी. बूथवर जाऊन बसायचं होतं, आणि तिनंही भरतीचा फॉर्म भरला होता. त्याआधीचा अर्धा तास आमूनं तिच्यासाठी ठेवला होता. आमूनं कोपऱ्यातून काहीतरी ओढत आणलं. आबांनी बघितलं तर पहार होती. तिच्या दोन टोकांना तुपाचे दोन डबे, सिमेंटनं भरलेले. तसेच नवे करून घेतलेले.

"काकी, पण मैदानावरची एक बाई म्हणत होती, रोज पळायलाच पाहिजे," श्रद्धा म्हणाली. "माझ्याकडं वेळ एवढाच. मी दोन्ही कसं करू?"

"दोन्ही नाहीच करायचं. आधी वजन, मग पळणं. ताकद आली की पळणं आपसूक येतं." आमूनं वळून आबांकडं बघितलं. तिच्या डोळ्यात अभिमान होता. "हे आमचे आबा. बावीस वर्षं यार्डात काढलेली. त्यांनीच मला शिकवलं. आबा, तुमीच सांगा की हिला. बैलाचं सांगा."

श्रद्धा हात जोडून उभी राहिली. आबांनी पहारीकडं बघितलं, मग त्या पोरीच्या पायांकडं. बूट नवे होते. कुणीतरी पोटाला चिमटा काढून घेऊन दिले असणार. एक खोटं त्यांनी एकदा सांगितलं होतं, पण पोरीनं ते पाच वर्षं जपून ठेवलं होतं, आणि आता ती ते दुसऱ्याच्या पोरीच्या हातात देत होती.

"पळ पोरी," आबा म्हणाले. "अर्धाच तास हाय न्हवं? मग पळ. वजनाचं ऱ्हाऊ दे."

"आबा?" आमू म्हणाली.

"जा तू. रस्त्याच्या टोकापतोर जाऊन ये."

श्रद्धा दोघांकडं आळीपाळीनं बघत फाटकातून बाहेर पडली. आमू पहारीशेजारी तशीच उभी होती.

"आवं, मग मला कसं काय वेगळं सांगितलं?"

"तुला खोटं सांगितलं," आबा म्हणाले. बोलायला लागले तसे त्यांना थांबता येईना. "मला ठावं हुतं, आमे. सगळं ठावं हुतं. मार्क पळन्याला हायती, वजनानं पळनं येत न्हाई, सगळं. तू चौकातनं पळायचीस. लोकं बगत हुती. मला लाज वाटली. वजन घरामागं उचलता येतंय, कुडाच्या आत. म्हनून वजन. दुसरं काय बी कारन न्हवतं. माजं चुकलं पोरी. तुजी नोकरी मी घालवली."

आमू खाली बसली. आत तिची पोर झोपेत कुरकुरली आणि परत गप्प झाली.

"लोकं म्हंजी कोन?" तिनं विचारलं.

"लोकं म्हंजी... चौकातली."

"नाव सांगा, आबा. कोन काय म्हनलं, एकाचं तरी नाव सांगा."

आबांनी आठवून बघितलं. बाकावरची चारपाच माणसं. कोण हसलं होतं? कशाला? पाच वर्षं त्यांना वाटत होतं की सगळं गाव बोललं. आता बोट दाखवायची वेळ आली तर बोटाला एकच माणूस सापडत होता.

"नाथाजी," ते म्हणाले. "मला म्हनला, साऱ्या चौकानं बगितली."

आमूनं मान वर केली. तिचे डोळे भरून आले होते, पण त्यात राग नव्हता. राग असता तर आबांना बरं वाटलं असतं.

"नाथाजीकाका? आवं, त्ये तर माजा टाइम लावायचं. त्येंच्या भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ हुतं न्हवं? मी पुलाकडं जाताना बगायचं आन परत आल्यावर किटली हातात घिऊन वरडायचं, 'आज साडेपाच मिंटं! पयल्या दिशी साडेसात लागलीवती!' बाकावरची समदी टाळ्या वाजवायची, हसायची. आठ दिवसात दोन मिंटं कमी केली म्हनून त्येंनी मला येक खारी बिस्किट दिलं. मी थांबल्यावर इचारलं बी, का गं बंद केलंस? मी म्हनलं, आमचं आबा म्हनत्यात, आधी वजन."

"मग काय म्हनला?"

"काय म्हननार? म्हनले, आबा म्हनतोय तर बराबर आसंल. त्येला आपल्यापक्षा जास्त कळतंय."

आबांना नाथाजीच्या हाका आठवल्या. आबा, च्या घिऊन जा की. आबा, कुटं निगालास? प्रत्येक हाकेला ते खाली मान घालून पुढं गेले होते. पाच वर्षांत चौकातनं किती वेळा गेले असतील, त्याला गणती नव्हती. आता जाऊन बाकावर बसावं म्हटलं तर चहा द्यायला माणूसच राहिला नव्हता. ते रडायला लागले. म्हातारा माणूस रडतो तसं, आवाज न करता, खांदे हलवत.

आमूनं त्यांना गप्प केलं नाही. तिनं पदरानं आपलं तोंड पुसलं, उठली, पहार एका हातानं उचलली आणि भिंतीला लावून ठेवली. ताकद तिच्या अंगात होती ती होतीच, ती कुठं जाणार? मग आत गेली, महेंद्रचं मनगटी घड्याळ घेऊन आली आणि आबांच्या हातावर ठेवलं.

"ती यील आता परत. किती लागली बगा आन सांगा तिला. मोठ्यानं सांगा. तेवढं तरी करा, आबा."

आबांनी डोळे पुसून घड्याळ जवळ धरलं. ती कधी निघाली होती ते त्यांनी बघितलंच नव्हतं. फाटकाशी पावलं वाजली, श्रद्धा धापा टाकत आत आली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि लाल झालेलं तोंड वर करून, त्यांच्या हातातलं घड्याळ बघून तिनं विचारलं, "किती मिनिटं लागली, आबा?"

"आज चुकलं माजं," आबा म्हणाले. "उद्यापासनं बगतो."